पगार फुटला

गुप्तता या विषयात मी स्वतःला जाणकार समजतो. एटीएमचा पिन दाबताना मी डाव्या पंज्याचं छप्पर करतो आणि मागे रांगेत कोणी नसलं तरी करतो. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला मी शाखा, मॅनेजरचं आडनाव, बँकेसमोर काय आहे असं विचारत बसतो. शेवटी तोच वैतागून फोन ठेवतो. ओटीपी मी सख्ख्या आईलाही सांगितलेला नाही. तिने कधी मागितलाही नाही, पण मागितला असता तरी सांगितला नसता. असा मी, ऐन भातलावणीत, विंझरला मामाच्या ओसरीवर, अख्ख्या आळीसमोर आकड्यासकट उघडा पडलो. त्याला कुठल्या रशियन हॅकरचा हात लागला नाही. दहावीतल्या पोराचा लागला, आणि तोही तेव्हा वडापाव खात होता.

मी पुण्यात एका कंपनीच्या अकाउंट्स खात्यात आहे. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपवर फायरवॉल बंद असायची. ती मी बंद केलेली नव्हती. आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर एका सकाळी सर्व्हरशी बोलेना, तेव्हा आयटीतला एक तरुण आला, खुर्चीच्या पाठीला टेकून म्हणाला, ‘‘फायरवॉल अडवतंय, सर,’’ आणि चार क्लिक करून निघून गेला. सॉफ्टवेअर बोलू लागलं. हिशेबनीसांच्या जगात हा उपाय सर्वमान्य आहे. सर्व्हर दिसत नाही, फायरवॉल बंद. प्रिंटर सापडत नाही, फायरवॉल बंद. दोष दुसऱ्याच कशात निघाला, तरी बंद केलेली फायरवॉल पुन्हा चालू करायला कोणी येत नाही.

त्या दिवसापासून पडद्याच्या कोपऱ्यात ढालीच्या चित्रावर लाल फुली दिसू लागली. मी तिच्यावर रीतसर उपाय केला: ती बाणामागच्या खणात लपवली.

ऑफिसात याने काही बिघडत नव्हतं. इंटरनेटची तार जिथून आत येते तिथे एका कपाटात कंपनीचं स्वतंत्र फायरवॉलचं खोकं लुकलुकत असतं. बाहेरून कोणी न विचारता आत येऊ लागला तर ते त्याला परत पाठवतं. आम्ही सगळे त्या खोक्याच्या भरवशावर आत निर्धास्त बसलेले. प्रश्न एवढाच, की लॅपटॉप उचलून घरी नेता येतो आणि खोकं कपाटातच राहतं. लॅपटॉप या वस्तूचा मुख्य गुणच उचलून नेता येणं हा आहे, हे कंपनीच्याही लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही.

तर मी तो उचलून विंझरला नेला. पुणे-सातारा रस्त्याने नसरापूर फाट्याला उजवीकडे वळायचं, मार्गासनी गेलं की विंझर, आणि तसंच पुढे वेल्हे. वेल्ह्याच्या डोक्यावर तोरणा. मार्गासनीहून साखर-गुंजवण्याकडे वळलं तर राजगड. तालुक्याचं नावही आता सरकारदरबारी राजगड झालंय, बोलण्यात मात्र अजून वेल्हेच आहे. जुलैत या खोऱ्यात पाऊस असा धरतो, की डोंगर आहेत हे माहीत असलेल्यालाच कळावं. मामाकडे चिखलणी चालू होती. पूर्वी या भागात आंबेमोहराचा घमघमाट असायचा, आता मामा इंद्रायणी लावतो. ‘‘लावणीला माणूस मिळंना, येतोस का?’’ असा त्याचा फोन आला. मी ऑफिसला ‘ग्रामीण भागातून काम करीन’ असं कळवलं आणि मामाला ‘काम सांभाळून मदत करीन’ असं सांगितलं. दोन्हीकडे मी अर्धं खोटं बोललो. बेरीज केली तर पूर्ण एक खोटं होतं, हे अकाउंट्सवाल्याला वेगळं सांगायला नको.

मामेभावाचं रस्त्यालगत चहाचं हॉटेल आहे. शनिवार-रविवारी तोरण्याला जाणारे ट्रेकर तिथे थांबतात. त्यांच्यासाठी त्याने वाय-फाय घेतलंय. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने भाव लिहिलेत: चहा, वडापाव, मिसळ, कांदाभजी आणि सर्वांत खाली पासवर्ड. पासवर्ड म्हणजे किल्ल्याचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन-चार. हॉटेल आणि घर यांच्यात एकच भिंत असल्यामुळे ओसरीवर तेच वाय-फाय येतं.

मी ते जोडलं. लॅपटॉपने विचारलं, हे नेटवर्क सार्वजनिक आहे की खाजगी? मामाचं घर. मी या घरात रांगलोय. ‘खाजगी’वर टिचकी मारली आणि डाळिंबाएवढ्या जाड थेंबांकडे बघत व्हाउचरं तपासायला बसलो.

पहिली शंका मामीच्या आवाजात आली. रात्री ताटात दुसरी भाकरी टाकताना ती म्हणाली, ‘‘आरं, एक इचारू का? तिकडं पुन्यात समदं ठीक हाय न्हवं? पगार-बिगार येळंवर देत्यात का?’’

‘‘देतात की. का?’’

‘‘न्हाय, सहज.’’ आणि तिने भाकरीवर तूप वाढलं. आमच्याकडे न मागता तूप मिळालं की समजावं, आपल्याबद्दल घरात काही बोललं गेलंय.

दुसऱ्या दिवशी बांधावर रोपांची जुडी हातात देताना मामा म्हणाला, ‘‘सायबाला राजीनामा द्याचा तर द्यावा. पर इतकं वंगाळ लिहू न्हाई. उद्या त्याच्याकडं काम पडतं.’’

माझ्या हातून जुडी चिखलात पडली. राजीनाम्याचा मसुदा मी कोणालाही दाखवला नव्हता. तो लिहिणं हाच माझा उपचार होता. रागाच्या दिवशी दोन ओळी वाढवायच्या आणि फाइल बंद करायची.

संध्याकाळी वहिनीने उरलेलं सांगून टाकलं. वहिनीने माझ्यासाठी भोरकडचं एक स्थळ आणलं होतं आणि माझा बायोडेटा व्हॉट्सॲपवर तिकडे पाठवला होता. ‘‘भावजी, बायोडेट्यात वर्षाला नऊ लाख लिवलंय. आन् पावतीवरचा आकडा बाराने गुनला तर पाच लाख सुदीक होईनात. मधलं चार लाख कुटं जात्यात?’’

तिच्या स्वरात लग्नाची काळजी कमी आणि व्यसनाचा संशय जास्त होता.

मी सीटीसी समजावून सांगू लागलो. म्हणजे बघा, कंपनी माझ्यावर एकूण जो खर्च करते तो. त्यात कंपनीच्या बाजूचा प्रॉव्हिडंट फंड आला, ग्रॅच्युइटी आली, विमा आला, बसची सोय आली. मामी चुलीपाशी बसून शांतपणे ऐकत होती.

‘‘म्हंजी बैलाची कमाई सांगताना त्याच्या पेंडीचा खर्च बी कमाईतच धराचा म्हन,’’ ती म्हणाली.

सीटीसीची याहून नेमकी टीका मी कुठल्याही अर्थशास्त्रज्ञाकडून ऐकलेली नाही. तरी उरलेले एक लाख मी उंचीसारखेच वाढवून लिहिले होते, ते मी बोललो नाही.

आता ही फूट झाली कशी? मामेभावाचा धाकटा पोरगा, दहावीतला, हॉटेलच्या गल्ल्यावर बसतो. त्याला जाब विचारला, तर त्याला जाब म्हणजे काय हेच कळेना. त्याच्या फोनमधल्या फाइल मॅनेजरला ‘नेटवर्क’ असा एक पर्याय आहे. तो दाबला की त्याच वाय-फायवरची उघडी यंत्रं दिसतात. ट्रेकरांच्या गर्दीत कोणाकडे सिनेमा सापडतो का हे तो अधूनमधून बघतो. त्या दिवशी त्याला ‘अकाउंट्स’ नावाचा संगणक दिसला. आत ‘कॉमन’ नावाचा फोल्डर. टिचकी मारली, उघडला.

‘‘पासवर्ड नाही विचारला?’’

‘‘नाही काका. तुमचं उघडंच होतं.’’

‘कॉमन’ हा आमचा ऑफिसातला सामायिक फोल्डर. सर्वांना सर्व काही वाचता यावं, लिहिता यावं, पुसता यावं अशी त्याची उदार घटना होती. पासवर्ड रोज विचारला जातो म्हणून पासवर्डही काढून टाकलेला. तिथे माझ्या खाजगी फायली का होत्या, हा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. रंगीत प्रिंटर शेजारच्या संगणकाला आहे. त्यावर फुकट छापायचं असेल तर फाइल आधी ‘कॉमन’मध्ये टाकावी लागायची. म्हणून तिथे पगाराची पावती होती, ‘बायोडेटा फायनल’ होता, ‘बायोडेटा फायनल नवीन’ होता आणि ‘राजीनामा’ होता. फुकटच्या रंगीत प्रतींची एकूण किंमत काढली तर शंभर रुपयेही भरणार नाही.

धाकट्याने बायोडेटाही पूर्ण वाचला होता. ‘‘छंद गिर्यारोहण लिहिलंय. काका, तुम्ही तोरण्यावर कधी गेलात?’’ पाऊस थांबल्यामुळे त्याच्या खांद्यावरून नेमका तोरणा दिसत होता. मी चहा मागवला.

इथवर प्रकरण घरगुती होतं. माझा पगार चार भिंतींत फुटला, फार तर आळीत. पण तो गल्ल्यावरून सहज म्हणाला, ‘‘रविवारी या वाय-फायवर पंचवीस-तीस फोन असतात,’’ आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याच फोल्डरमध्ये पुरवठादारांची यादी होती, त्यांचे बँक खाते क्रमांक होते, थकबाक्या होत्या. मिसळ खाता खाता कोणी ते उतरवून घेतलं असतं तर मला कळायचा काही मार्ग नव्हता. मी लगेच ऑफिसच्या आयटी खात्याला फोन लावला. मागच्या खोलीत रेंज नसते, गोठ्याच्या पत्र्याखाली मात्र येते. तिथून झालेलं संभाषण असं:

‘‘सर, फायरवॉल बंद आहे तुमची. कोणी केली?’’

‘‘तुम्हीच.’’

थोडी शांतता. ‘‘मग चालू करून टाका.’’

‘‘ॲडमिनचा पासवर्ड मागतोय.’’

‘‘तो देता येत नाही, सर. सुरक्षेचं धोरण आहे.’’

बंद करायला मंजुरी लागली नव्हती. चालू करायला विभागप्रमुखाची लागणार होती, आणि ते रजेवर होते. तोवर मी काय करायचं? ‘‘काळजी घ्या,’’ तो म्हणाला. मी विचारलं, नेटवर्क ‘खाजगी’चं ‘सार्वजनिक’ केलं तर? त्यावर त्याने जे सांगितलं ते मात्र मोलाचं होतं. ‘सार्वजनिक’ म्हटल्यावर बाहेरच्यांना अडवायचं काम फायरवॉलच करते. तीच झोपली असेल तर नुसती पाटी बदलते, दार तसंच राहतं. सुरुवातीलाच फायरवॉल चालू असती आणि मी ‘सार्वजनिक’ म्हटलं असतं, तर धाकट्याला ‘कॉमन’ उघडताच आला नसता. उलट फायरवॉल चालू ठेवून मी ‘खाजगी’ म्हटलं असतं, तर तिने घरचीच माणसं समजून फोल्डरचं दार स्वतः उघडं ठेवलं असतं. म्हणजे मी दोन्ही बाजूंनी स्वतःला उघडं पाडलं होतं.

फोन ठेवण्याआधी त्याने दुरून काहीतरी तपासलं. ‘‘आणि सर, त्या फोल्डरमध्ये बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ आहेत. नऊ जीबी.’’

धाकट्याचा फोन भरला होता. माझ्या लॅपटॉपवर जागा दिसली, म्हणून त्याने शर्यती तिकडे हलवल्या होत्या. ‘‘पुसू नका हां काका, घाटात आपली बारी पहिली आली त्याचा आहे,’’ तो वरून म्हणाला. बैलगाडा शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली मान्यता कायम केली, त्यामुळे निदान ते व्हिडिओ कायदेशीर होते. कंपनीच्या सगळ्या प्रकरणात कायद्याच्या बाजूला तेवढेच होते.

हसू आलं तरी यातली खरी भीती नीट पाहा. त्याला माझ्या यंत्रात नऊ जीबी बैल सोडता आले, म्हणजे दुसऱ्याला तिथे काहीही सोडता आलं असतं. फायलींची देवाणघेवाण ज्या दारातून होते त्याचा क्रमांक ४४५. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाची खंडणीखोर कीड याच दारातून फिरली आणि दीडशे देशांतल्या दोन लाखांहून जास्त संगणकांनी आपल्याच फायली ओळखायच्या बंद केल्या. त्यातलं भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. लोकांनी ‘नंतर आठवण करा’ दाबलं होतं. मीही तेच दाबतो.

पुढच्या महिन्यातला किस्सा मला अधिक लागला, कारण तो माझ्या धंद्यातला आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या आली. ती कशातून शिरली? युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. हिशेबाच्या! तिथून ती मर्स्क या जहाज कंपनीत गेली आणि तिचा एक धक्का थेट आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराला बसला. मर्स्कच्या गटाकडे असलेल्या टर्मिनलचं काम तिथे ठप्प झालं. कंपनीला चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक पुन्हा उभे करावे लागले. कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे जगभरचे त्यांचे जवळपास दीडशे सर्व्हर एकाच वेळी पुसले गेले. फक्त एक वाचला. तो घानामध्ये होता, आणि तो वाचला कारण त्या वेळी तिथली लाईट गेली होती.

हे मी ओसरीवर वाचून दाखवलं. लाईट नव्हतीच, फोनच्या उजेडात. मामाला नॉटपेट्या कळली नाही, पण घाना पटकन कळलं. ‘‘बग,’’ तो मामीला म्हणाला, ‘‘तू उगा लाईटवाल्यांना शिव्या देतीस.’’

रजेवरच्या साहेबांची वाट न बघता लॅपटॉप कसा सांभाळायचा हे शेवटी धाकट्यानेच ठरवलं. रविवारी तो ट्रेकरांना राजगडावर घेऊन जातो. त्याला हे समजावून सांगण्याची गरज पडली नाही, उलट तोच मला समजावू लागला. राजगडाला पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या. संजीवनीला तर तटाबाहेर दुसरा चिलखती तट. पण एवढं सगळं ओलांडून कोणी आलाच, तरी बालेकिल्ल्याची वेगळी खडी चढण आणि वेगळा महादरवाजा आहेच. ‘‘तुमच्या कंपनीने बाहेरचा तट बांधला आणि बालेकिल्ल्याचं दार काढून ठेवलं,’’ तो म्हणाला. दहावीला त्याला इतिहासात किती मार्क पडतील ते सांगता येत नाही, कारण असं काही परीक्षेत विचारत नाहीत.

मग त्याने मला कामाला लावलं. फोल्डर सामायिक करणं थांबवायला ॲडमिन लागत होता, पण तो रिकामा करायला लागत नव्हता. मी सगळ्या फायली दुसरीकडे हलवल्या. ‘कॉमन’ उघडा राहिला, आत फक्त बैल उरले. रखडवलेली अपडेटं घेतली. ऑफिसचं काम असेल तेव्हा हॉटेलचं वाय-फाय सोडून माझ्याच फोनला तारेने लॅपटॉप जोडायचा ठरलं, म्हणजे त्या नेटवर्कवर दुसरं कोणी नाही. फोनला रेंज मात्र गोठ्यातच, त्यामुळे तिमाही आढाव्याची बैठक मी पेंडीच्या पोत्यावर बसून केली. कॅमेरा बंद ठेवला होता. माईक बंद करायचा राहिला आणि म्हैस मध्येच ओरडली. विक्री विभागाला वाटलं मी त्यांच्या आकड्यांवर प्रतिक्रिया देतोय.

शेवटी धाकट्याने राउटरकडे मोर्चा वळवला. राउटरमध्ये शिरायचा पासवर्ड त्याच्याच बुडाला चिकटवलेला असतो आणि तो कोणी बदलत नाही. त्याने आधी तो बदलला, मग ‘पाहुणे’ नावाचं वेगळं नेटवर्क काढलं. त्यावर आलेल्या यंत्राला इंटरनेट मिळतं, पण शेजारचं यंत्र दिसत नाही. दहा मिनिटांचं काम. हे राउटरमध्ये पहिल्यापासून होतं. ट्रेकर ‘पाहुणे’वर गेले, घरची मंडळी जुन्यावर राहिली. मला कुठे घालायचं यावर थोडी चर्चा झाली आणि मला ‘पाहुणे’मध्ये टाकण्यात आलं. ज्या घरात मी रांगलो त्या घरात.

पुण्याला परतल्यावर मंजुरी आली आणि फायरवॉल चालू झाली. हिशेबाचं सॉफ्टवेअर पुन्हा बोलेना, तेव्हा या वेळी त्या तरुणाने सगळी भिंत पाडण्याऐवजी फक्त त्या सॉफ्टवेअरपुरती वाट मोकळी केली. तीही चार क्लिकचीच होती. पुरवठादारांच्या खात्यांचं मी लेखी कळवलं. त्यावर एक बैठक झाली आणि ‘कॉमन’ बंद झाला. मला ऑनलाइन सुरक्षेचं प्रशिक्षण देण्यात आलं. त्यात प्रश्न होता, ओटीपी कोणाला सांगावा? मला पैकीच्या पैकी मिळाले.

भोरकडच्यांचंही उत्तर आलं. पगाराचा खरा आकडा वहिनीनेच त्यांना कळवला होता आणि त्यांना तो चालतोय. मुलीला गिर्यारोहणाची आवड आहे, तेव्हा बघण्याचा कार्यक्रम तोरण्यावर करू, असं त्यांनी सुचवलंय.

तुमच्या लॅपटॉपच्या कोपऱ्यात ढालीवर लाल फुली असेल तर आज आयटीवाल्याला फोन करा. तो रजेवर असेल तर निदान सामायिक फोल्डर उघडून आत काय काय साचलंय ते बघा. पगाराची पावती आणि बायोडेटा शेजारी शेजारी दिसले, तर आधी बायोडेटा हलवा.